विमानाला नैवेद्य

या, असे पुढे या. भिंतीला टेकून बसलात तर डोळा लागेल, आणि ही गोष्ट पेंगत ऐकायची नाही. पाय पोटाशी घ्या, शेजारणीला जागा द्या, पानतंबाखू नंतर. मरोळच्या तावड्यांच्या मुलीला विमान चालवायचं लायसन कसं मिळालं ते आज सांगतो. तिच्या वडिलांनी, काशीराम तावड्यांनी, त्या कामी तिला फार मदत केली. मदत हा शब्द जपून वापरतोय. का ते पुढे कळेल.

काशीराम मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचे स्टोअरकीपर. त्यांच्या सहीशिवाय साधा वॉशर दाराबाहेर पडत नसे. मालकाने स्वतः येऊन स्क्रू मागितला तरी काशीराम चिठ्ठी मागत, आणि मालक निमूटपणे चिठ्ठी लिही. संध्याकाळी गावदेवीच्या देवळात कीर्तन असलं की हा माणूस पहिल्या रांगेत, डोळे मिटून, मान हलवत. त्यांची मृणालिनी, म्हणजे आपली मिनू, लहानपणी बुवांच्या मागे उभी राहून झील ओढायची. बुवांनी ओळ टाकली की ती जशीच्या तशी उचलून परत द्यायची, एक काना कमी नाही की एक मात्रा जास्त नाही.

ही मिनू बी.एस्सी. झाली. बिल्डिंगीतल्या बाकीच्या मुली बँकेचे फॉर्म भरत होत्या तेव्हा तिने सरकारी शिष्यवृत्ती मिळवली आणि जुहूच्या धावपट्टीवर एका फ्लाइंग क्लबात नाव घातलं. काशीरामांनी आधी दोन दिवस मौन धरलं, तिसऱ्या दिवशी बुवांना विचारलं, आणि चौथ्या दिवशी तिच्यासाठी नवीन छत्री आणली. का ते कुणालाच कळलं नाही. त्यांच्या मते ती परवानगी होती.

पहिला सल्ला आला वरच्या मजल्यावरच्या शिवदास राण्यांकडून. शिवदास पूर्वी गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होता, आता विमा विकायचा, आणि सल्ले फुकट द्यायचा.

"लायसन ना? मग एवढं काय टेन्शन घेतोस, काशीराम. माझा साडू लायसनचा एजंट आहे. ट्रक, टेम्पो, रिक्षा, बोल तू. दोन फोटो दे, मंगळवारी हातात."

"अरे, विमानाचं आहे ते."

शिवदास थोडा विचारात पडला. "मग तीन फोटो दे."

आता श्रोतेहो, तुम्हालाही वाटत असेल की एक परीक्षा झाली, एक शिक्का बसला, की झालं. देवांची विमानं फुलं उधळत येतात असं आपण कीर्तनात ऐकतो, पण त्या चालकांना कुणी कागद विचारल्याचं बुवांनी कधी सांगितलं नाही. इथे भूलोकी तसं नाही. इथे आधी शरीर तपासतात, मग डोकं, मग जीभ, मग हात, आणि सगळ्यात शेवटी धीर.

शरीर तपासायला दिल्लीला जावं लागतं, हवाई दलाच्या डॉक्टरांकडे. नजर लागते पक्की. हे कळल्यावर तळमजल्याच्या सुंदराबाईंनी फर्मान काढलं, "पोरीक बांगडे घाल गो रुक्मिणी. बांगड्यान डोळे सुधारतत. माझ्या सासऱ्यान ऐंशीव्या वर्षी सुईत दोरो ओवलो." रुक्मिणीबाईंनी पोरीला दोन महिने रोज बांगडे घातले. दिल्लीच्या डॉक्टरांनी लिहून दिलं की नजर उत्तम आहे, आधीही उत्तमच असणार, फक्त वजन तीन किलो जास्त आहे ते उतरवून पुन्हा दाखवावं. मग महिनाभर मिनू वरणाच्या पाण्यावर, आणि घरातले उरलेले बांगडे शिवदासकडे.

मग डोकं. चार पेपर. हवेत कुणी कुणाला वाट द्यायची त्याचे कायदे, नकाशा आणि वाऱ्यावरून दिशा काढणं, ढगांचं शास्त्र, आणि यंत्राची माहिती. काशीराम तिची पुस्तकं उघडून प्रश्न विचारत. उत्तर बरोबर की चूक हे त्यांना कळत नसे, पण मिनू अडखळली की "हं, पुन्हा सांग" म्हणायचे. तेवढ्यावर पोरगी चारही पेपरांत सुटली. ढगांच्या पेपरात पहिली आली तेव्हा सुंदराबाईंनी तिला पापड वाळत घालू की नको ते विचारायला सुरुवात केली, आणि मिनूचं उत्तर चुकलं की सगळ्या बिल्डिंगीत सांगितलं.

मग जीभ. विमानात बिनतारीवर बोलायची वेगळी परीक्षा असते, वेगळं लायसन असतं. तिथे फाडफाड इंग्रजी बोलणारी पोरं धडाधड पडली. का? टॉवरवाल्याने जे सांगितलं ते जसंच्या तसं परत म्हणायचं असतं. अमुक उंची, अमुक दिशा, अमुक पट्टी. त्यात आपलं काही घालायचं नाही, गाळायचं नाही. पोरांना राहवेना, ती मध्येच "ओके सर, शुअर सर" घालायची. आपली मिनू दहा वर्षं झील ओढलेली. समोरच्याने ओळ टाकली, हिने उचलली आणि परत दिली. परीक्षकांनी विचारलं, कुठे शिकलीस? ती म्हणाली, गावदेवीच्या देवळात. त्यांनी ती संस्था लिहून घेतली म्हणतात.

इथवर काशीरामांची मदत साजरी होती. पुढे ती अंगावर आली.

मग हात. अडीचशे तास विमान उडवलेलं असावं लागतं, आणि त्यातला प्रत्येक तास एका जाड वहीत लिहिलेला असावा लागतो. तारीख, विमानाचा नंबर, कुठून कुठे, बरोबर कोण, किती वेळ, आणि शेवटी शिकवणाऱ्याची सही. ही लॉगबुक काशीरामांनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. आपल्या स्टॉक रजिस्टरच्या तोडीचं काही या जगात आहे हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी तिला खाकी कव्हर घातलं. आणि कोऱ्या पहिल्या पानाच्या माथ्यावर, कुंकवात बोट बुडवून, ठसठशीत 'श्री' काढला.

अडीचशे तास भरले, फाइल दिल्लीला गेली, आणि महिन्याने परत आली. सोबत पत्र. पहिल्या पानावरील हस्तलिखित नोंदीचा खुलासा करावा. सदर नोंदीत उड्डाणाची तारीख, विमानाचा क्रमांक व कालावधी नमूद नाही, तसेच नोंद अधिकृत शाईत नाही.

"बाबा," मिनू म्हणाली, "हे तुम्ही कधी केलंत?"

"मुहूर्ताला," काशीराम म्हणाले. "मी करतो खुलासा. तू बस."

त्यांनी तीन पानी खुलासा लिहिला. कोणत्याही कार्याच्या आरंभी मंगल का करावं, देवाच्या नावाला कालावधी का नसतो, आणि तो विमानाच्या क्रमांकाआधीही होता व नंतरही राहील, हे सोदाहरण मांडलं. दिल्लीहून उत्तर आलं की खुलासा वाचला, समाधानकारक आहे, तरी नियमानुसार सदर नोंद क्लबच्या मुख्य प्रशिक्षकाने प्रमाणित करावी. मुख्य प्रशिक्षक सज्जन माणूस. त्यांनी 'श्री'च्या शेजारी लिहिलं, नोंद तपासली, बरोबर आहे, आणि खाली सही ठोकली. देव बरोबर असल्याचं अधिकृत माणसाकडून लेखी मिळालं, म्हणून काशीराम आनंदात होते. मिनू नव्हती. या पत्रापत्रीत अकरा आठवडे गेले होते.

आणि त्या अकरा आठवड्यांनीच सगळी वाट लागायची पाळी आली. एका विमान कंपनीची जाहिरात आली होती, शिकाऊ पायलट पाहिजेत. अशी जाहिरात तीन-चार वर्षांतून एकदा. अर्जावर लायसनचा नंबर हवा, शेवटची तारीख दसऱ्यानंतर पाचवा दिवस. आणि लायसनसाठी एकच गोष्ट उरली होती, उडवून दाखवायची परीक्षा. दिल्लीहून परीक्षक येणार ते एका दिवसासाठी, त्यानंतर थेट दीड महिन्याने. म्हणजे त्या एका दिवशी जमलं तर जमलं. नाहीतर जाहिरात गेली, सहा महिन्यांचं मेडिकल संपलं, आणि पुन्हा दिल्ली, पुन्हा वरणाचं पाणी.

तो दिवस होता खंडेनवमीचा.

हा झाला आपला पूर्वरंग. आता आख्यान लावतो, जरा सावरून बसा.

"खंडेनवमीक?" सुंदराबाईंनी कपाळाला हात लावला. "काशीराम, त्या दिवशी हत्याराची पूजा करतत. हत्याराक हात लावूचो नसता. तुझ्या कारखान्यात मशीन चलता काय त्या दिवशी?"

चालत नसे. काशीराम स्वतः दरवर्षी पाने, कानशी, वजनकाटे ओळीने मांडून हळदकुंकू लावत आणि स्टोअरला कुलूप घालत. ही गोष्ट त्यांच्या ध्यानातच आली नव्हती. त्यांचा चेहरा उतरला.

"परीक्षा सरकारने ठरवली," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "अहो, सरकारला काय माहीत नवमी."

"सरकारला सुट्टी माहीत असते," शिवदास म्हणाला. "मी काय म्हणतो, एक अर्ज टाक दिल्लीला."

अर्ज म्हटल्यावर मिनूने शिवदासकडे असं पाहिलं की तो जिना चढून गेला.

शेवटी काशीरामांनी बुवांना गाठलं. बुवा नवरात्राच्या कीर्तनाची तयारी करत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "ज्याचं पोट त्या दिवशी त्याच हत्यारावर आहे, त्याने पूजा करावी, हत्याराची रजा मागावी, आणि कामाला लागावं. पूजा मात्र चुकवू नये."

काशीरामांनी शेवटचं वाक्य पक्कं धरलं. पूजा मात्र चुकवू नये. ते त्यांनी घरी सांगितलं नाही, कारण घरी सांगितलं असतं तर मिनूने पूजा चुकवली असती.

नवमीला सकाळी बिल्डिंगीतली चौदा माणसं जुहूला हजर. क्लबाच्या पत्र्याच्या शेडसमोर दोरी बांधली होती, तिच्या अलीकडे त्यांना उभं केलं. दोरीपलीकडे पांढरं छोटं विमान. त्याच्याभोवती फिरत होते भीमराज साळवे, क्लबाचे इंजिनियर. घाटकोपरला राहायचे, चाळिशीच्या आत-बाहेर, बोलायला कमी, हाताला कायम ग्रीसचा वास. विमान ठीक आहे अशी त्यांची सही पडल्याशिवाय ते हलत नसे. त्यांचंही लायसन होतं, पायलटच्या लायसनइतकंच कष्टाचं, पण त्याबद्दल त्यांना कधी कुणी पेढे मागितले नव्हते. सही हा विषय निघाल्यामुळे काशीरामांचं आणि त्यांचं पूर्वीपासून जमत असे.

त्यांनी काशीरामांच्या हातातल्या झाकलेल्या ताटाकडे पाहिलं. "काका, हे काय?"

"काही नाही. नवमी आहे आज."

"माहीत आहे. काका, लांबून ओवाळा. मी काही म्हणत नाही. पण हात लावायचा नाही. त्या पंख्याला तर नाहीच."

"पंख्याला लावतोय कशाला," काशीराम म्हणाले, आणि हे त्यांनी शब्दशः पाळलं.

मिनू आली. पांढरा शर्ट, केस घट्ट बांधलेले. ती कुणाशी बोलली नाही. विमानाला एक फेरी घातली, पंख, चाकं, बिजागऱ्या, सगळं हाताने चाचपून पाहिलं. डाव्या पंखाखाली एक बारीक वाकडी नळी होती, तिच्यावरचं लाल कापडी टोपण काढलं, नळीच्या तोंडात वाकून पाहिलं आणि टोपण खिशात घातलं. मग परीक्षकांना भेटायला ऑफिसात गेली. भीमराजही वही घेऊन सहीसाठी आत गेले.

दोरी म्हणजे काही भिंत नव्हती.

काशीरामांनी चाकाला हळदकुंकू लावलं, दाराला फूल टेकवलं आणि लगेच उचलून घेतलं, कारण भीमराजचा शब्द त्यांना मोडायचा नव्हता. मग नैवेद्य. नैवेद्य म्हटला की मुख पाहिजे. विमानाला मुख कुठे? पुढे तर पंखा, त्याला हात लावायचा नाही. त्यांनी वाकून शोधलं, आणि डाव्या पंखाखाली ती नळी दिसली. पुढे तोंड केलेली, टोकाला नीट गोल भोक असलेली. आपली मुलगी याच तोंडात भक्तिभावाने वाकून पाहत होती हे त्यांना आठवलं. शंकाच उरली नाही. त्यांनी अंधेरी स्टेशनसमोरच्या दुकानातला पेढा घेतला, चिमूट तोडली, आणि अंगठ्याने नळीच्या तोंडात भरवली. नुसती टेकवली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. पण स्टोअरात बेअरिंगं गंजू नयेत म्हणून तीस वर्षं त्यांत ग्रीस भरलेला अंगठा तो. त्याने नीट आतपर्यंत भरलं. वरून गंध, दोन अक्षता. हात जोडले, रजा मागितली, दोरीखालून परत आले. सगळं मिळून दीड मिनिट, आणि दोरीमागच्यांना पंखाआड फक्त त्यांची पाठ दिसली.

परीक्षक कॅप्टन चंद्रप्रकाश उंच, करड्या मिशांचे, दिल्लीचे. मिनू डाव्या खुर्चीत, ते उजव्या. काच लागली, इंजिन घरघरलं, विमान डुलत डुलत पट्टीच्या टोकाला गेलं. चौदा जणांनी श्वास धरला. रुक्मिणीबाईंनी डोळेच मिटले. विमान सुटलं, पळालं, आवाज टिपेला गेला, आता उचलणार, आता उचलणार, आणि आवाज एकदम उतरला. विमान पळता पळता हळू झालं, चालायला लागलं, थांबलं. मग तोंड वळवून मुकाट्याने परत यायला निघालं.

सगळे टाचा उंचावून पाहू लागले. मग शिवदास म्हणाला, "पेट्रोल संपलं वाटतं."

"मी सांगितलेलंय," सुंदराबाई म्हणाल्या. "हत्याराक हात लावूचो नसता."

"गप बसा हो जरा," रुक्मिणीबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

विमान शेडपाशी आलं. कॅप्टन उतरले. मिनू उतरली. तिचा चेहरा काशीरामांना ओळखू येईना.

"आज इस जहाज़ पे किसका साइन है?" कॅप्टननी विचारलं.

"माझं, सर," भीमराज पुढे आले.

मिनू हलक्या आवाजात म्हणाली, "स्पीडचा काटा हललाच नाही. शून्यावर."

भीमराज सरळ डाव्या पंखाखाली गेले. नळीला बोट लावलं. बोट नाकाशी नेलं. मग सावकाश मान वळवून दोरीकडे पाहिलं. चौदा माणसांतून त्यांची नजर नेमकी एका माणसावर थांबली. मिनूने त्यांच्या नजरेमागून पाहिलं, आणि तिलाही कळलं. त्याच क्षणी काशीरामांना कळलं की त्या नळीतून विमान श्वास घेतं, वारा किती जोराने येतोय ते मोजतं, आणि आपण त्या नाकात पेढा कोंबला.

"ब्लॉक आहे, सर," भीमराज म्हणाले. "कीडा असेल. या दिवसांत माशी घर करते नळीत."

"एक घंटे में?" कॅप्टनच्या मिशा हलल्या नाहीत. "टोपण तर आत्ता काढलं होतं. म्हणजे सकाळी तुम्ही बघितलं नाही. आणि हिनेही बघितलं नाही. बघितल्याशिवाय साइन केलं." त्यांनी खिशातून पेन काढलं आणि परीक्षेचा कागद पुढे ओढला.

  भीमराज आणि मिनू दोघंही तशीच उभी. एकाची नोकरी आणि लायसन जाणार, दुसरीचं येण्याआधीच जाणार, आणि तरी दोघांपैकी कुणी दोरीकडे बोट दाखवेना.

श्रोतेहो, दोरीच्या अलीकडे काशीरामांची काय अवस्था झाली असेल? पाठीमागे तेरा माणसं. त्यात शिवदास, ज्याला एकदा कळलं की ते मरोळपासून कुर्ल्यापर्यंत कळलंच. पोरीच्या नोकरीच्या आधी बापाची अब्रू जाणार होती. गप्प राहिलं तर कुणाला कळणार नव्हतं. नळीतली माशी काही साक्षीला येणार नव्हती. पण स्टोअरकीपरचा धर्म एकच, जो माल आपल्या हातून गेला तो आपल्या नावावर. काशीराम दोरीखालून वाकले. ताट तेच होतं, पण या वेळी जरा वेळ लागला.

"साहेब," ते म्हणाले, "कीडा नहीं है. पेढा है."

कॅप्टनचं पेन थांबलं. "क्या है?"

"पेढा. हमारा है. हमने डाला. ये दोनों को मालूम नहीं था. भीमराजने तर मना किया था." घाईत हिंदी संपली. "आज हत्याराची पूजा असते साहेब. तोंड शोधत होतो. चुकून नाक सापडलं."

मागे शिवदास फुसकन हसला, आणि सुंदराबाईंनी त्याच्या बरगडीत कोपर मारल्याचा आवाज आला.

कॅप्टननी काशीरामांकडे पाहिलं. मग ताटाकडे. मग मिनूकडे वळले. "तुम्हारे फादर?"

"हो सर."

"तू का थांबवलंस विमान? मी काही बोललो नव्हतो."

मिनू सरळ उभी राहिली. सगळ्यांचा जीव टांगलेला, आणि तिचा आवाज मात्र पाठ म्हणून दाखवावा तसा स्वच्छ आला. इंजिन बरोबर होतं. आवाज बरोबर होता. विमान पळत होतं हे डोळ्यांना दिसत होतं. पण त्या वेगाला काटा उठायला हवा होता तो उठला नाही. समोर निम्म्याहून जास्त पट्टी शिल्लक होती. काटा नसताना वर गेलं असतं तर उतरताना वेग कळला नसता. म्हणून थ्रॉटल मागे, ब्रेक, आणि टॉवरला कळवलं.

"खाली एवढी माणसं तुला बघायला आली होती. आजनंतर मी थेट दीड महिन्याने येणार. नोकरीचा फॉर्म आहे म्हणे तुझा. हे सगळं आठवलं नाही?"

"आठवलं सर," मिनू म्हणाली. "थांबल्यावर."

कॅप्टननी कागद गुडघ्यावर ठेवला आणि लिहिलं. लिहिताना म्हणाले, "एकवीस वर्षं टेस्ट घेतोय. दहातली सात पोरं काटा न बघता उचलतात विमान. मला ओरडावं लागतं. हा आयटम मला मुद्दाम घेता येत नाही, कारण मी दिल्लीहून पेढे आणत नाही. यात तुला पुरे मार्क. बाकीची टेस्ट अजून बाकी आहे. संध्याकाळच्या विमानाने मला परत जायचंय. साळवे, किती वेळ?"

भीमराजनी शेडमधल्या घड्याळाकडे एकदा पाहिलं, फक्त एकदा. "नळी उतरवून, धुऊन, वाळवून, पुन्हा तपासून, वहीत नोंद. तीन तास."

"करा."

ते स्क्रू-ड्रायव्हर घ्यायला शेडमध्ये गेले, काशीराम त्यांच्या मागोमाग. तिथे खिळ्याला एक पिशवी लटकत होती, वर पांढरा झब्बा घडी करून ठेवलेला, आणि खिशातून रेल्वेचं तिकीट डोकावत होतं. उद्या विजयादशमी. काशीरामांना उमगायला वेळ लागला नाही.

"नागपूर?" त्यांनी विचारलं.

"दुपारची गाडी आहे. आई, बायको, सगळे. तेरा वर्षं चुकलेली नाही दीक्षाभूमी."

"मग दुसऱ्या कुणाला सांगा की भीमराजभाऊ. मी साहेबांच्या पाया पडतो."

"दुसरा इंजिनियर सुट्टीवर आहे. सही माझीच लागेल." त्यांनी ऑफिसातून घराजवळच्या वाण्याकडे फोन लावला, निरोप ठेवला, आईला म्हणावं तुम्ही निघा, माझी वाट बघू नका. मग परत येऊन म्हणाले, "काका, ते ताट रिकामं करा. स्क्रू ठेवायला काहीतरी पाहिजे."

पुढचे तीन तास काशीराम उन्हात ताट धरून उभे राहिले. एकेक स्क्रू आला की तोंडाने मोजत, आणि परत मागितला की चिठ्ठी न मागता देत. त्यांच्या नोकरीत असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. भीमराजनी मऊ तारेने खवा काढला, कोमट पाण्याने नळी धुतली, उन्हात धरली, तोंडाशी धरून आरपार पाहिली. अक्षतांचे दोन दाणे निघाले ते त्यांनी फेकले नाहीत, काशीरामांच्या तळहातावर ठेवले. मग वहीत नोंद केली. नळी मिठाईने बंद झाली होती, मिठाई काढली, तपासणी समाधानकारक. दिल्लीहून पुढे त्यावरही पत्र आलं, मिठाईचा प्रकार कळवावा. पण ते नंतर.

दुपारी दोनला विमान पुन्हा पट्टीच्या टोकाला गेलं. या वेळी सुंदराबाईंनी सल्ला दिला नाही, आणि शिवदासच्या तोंडात दोन पेढे होते म्हणून तोही गप्प. विमान पळालं, उचललं, नारळीच्या शेंड्यांवरून समुद्राकडे वळलं. खारदांड्याच्या बाजूने लहान होत होत एक ठिपका झालं. काशीरामांनी तोपर्यंत ताट खाली ठेवलं नाही. पाऊण तासाने ठिपका मोठा झाला. विमान घारीसारखं वळलं, खाली आलं, आणि चाकं जमिनीला अशी टेकली की कीर्तनाच्या शेवटी बुवा समेवर येतात ना, तशी. कळलंसुद्धा नाही.

कॅप्टन उतरले ते हसतच. "पास," ते म्हणाले. "फाइल मी स्वतः घेऊन जातो. लायसनचा नंबर तारेने पाठवतो." मग पेढ्याचा खोका पुढे आला तेव्हा त्यांनी पेढा उलटून पालटून पाहिला. "हा तोच लॉट का?"

"नवीन खोका आहे साहेब," काशीराम म्हणाले. "सील तुमच्यासमोर फोडलं."

रुक्मिणीबाई मिनूला मिठी मारून रडत होत्या. मिनू आईच्या खांद्यावरून वडिलांकडे पाहत म्हणाली, "बाबा, आता पुढचं ऐका. मोठ्या विमानात पुढे डाव्या बाजूला, कॅप्टनच्या जागी, बसायला अजून पंधराशे तास, अजून परीक्षा, दर सहा महिन्यांनी मेडिकल. यापुढे मदत करायची नाही."

"नाही," काशीराम म्हणाले. "पण बांगडे..."

"तेही नाही."

तार चौथ्या दिवशी आली. अर्ज वेळेत गेला, आणि मिनूला कंपनीने घेतलं. पण हे सगळं व्हायच्या आधीची एक गोष्ट सांगतो आणि थांबतो.

दसऱ्याला सकाळी काशीरामांनी कपाटातला पांढरा सदरा काढला आणि घाटकोपरला पत्ता विचारत भीमराजच्या दारात उभे राहिले. घरात कुणी नव्हतं, सगळी नागपूरला. भीमराज पांढरा झब्बा घालून गल्लीच्या टोकाच्या विहारात निघाले होते. काशीरामांना पाहून ते थबकले.

"काका, हातात काही आणलं नाहीत ना?"

काशीरामांनी दोन्ही हात उघडून दाखवले. "रिकामा आलोय."

"मग चला," भीमराज म्हणाले.

काशीराम गेले. विहारात मागच्या रांगेत मांडी घालून बसले. पुढून एक ओळ आली की सगळे मिळून ती परत म्हणत होते. पहिल्या दोन ओळी त्यांनी नुसत्या ऐकल्या. तिसरी त्यांनी उचलली, एक काना कमी नाही की मात्रा जास्त नाही, आणि शेजारी बसलेल्या भीमराजनी न बघता चटई त्यांच्याकडे थोडी सरकवली.

श्रोतेहो, तुमच्यापैकी कुणी कधी विमानात बसेल. तिथे पुढे बसलेल्या कॅप्टनचं नाव पुकारतात. त्यांना मनोमन नमस्कार करा, त्यांनी तो कमावलेला असतो. पण पट्टा बांधता बांधता, ज्याचं नाव तिथे कुणी पुकारत नाही त्या भीमराज साळव्यांची आठवण काढा. एका बापाला वाचवायला ज्यांनी खोटं सांगितलं, आणि ज्यांच्या सहीवर पोरगी आभाळात गेली, त्यांची. एवढंच माझं मागणं.